मुलवाड व्हीपीएन वर्षभर वापरून: नाव नाही, ईमेल नाही, फक्त सोळा आकडे

सुरुवात आमच्या नेटवाल्या पोरापासून करते, कारण त्याच्यामुळंच मी हे व्हीपीएन घेतलं, म्हणजे आपलं नेटवरचं येणं-जाणं नेटवाल्याला दिसू नये म्हणून ते कुलूपबंद करून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा, नाहीतर असल्या गोष्टींच्या वाटेला मी कधी गेले नसते. मी कराडात एका महिला समुपदेशन केंद्रात आठवड्यातून तीन दिवस जाते. छोटं केंद्र आहे, दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक राऊटर, आणि राऊटर नेटवाल्याचा, त्याचा पासवर्डही त्याच्याकडंच. एक दिवस नेट बंद पडलं म्हणून पोरगा आला, विशी-बाविशीचा असेल, स्वभावानं चांगला, खुर्चीवर उभा राहून वायर बघता बघता सहज म्हणला, मॅडम तुमच्याकडं ते कोर्टाचं आणि लेडीज डॉक्टरचं लय बघतात काय हो, आमच्या ऑफिसात परवा विषय निघालेला. त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं, हवापाण्याचं बोलावं तसं बोलला आणि वायर जोडून गेला. माझ्या मात्र पोटात गोळा आला. आमच्याकडं येणाऱ्या बायका ज्या गावांतून येतात त्याच गावांतली ही पोरं, कुणाचा दीर, कुणाच्या नवऱ्याचा मित्र, आणि ती बाई आमच्या कॉम्प्युटरवर बसून संरक्षण आदेश म्हणजे काय हे बघत असते तेव्हा तिनं ते अजून स्वतःच्या आईलासुद्धा सांगितलेलं नसतं.

मालकाकडं तक्रार केली. मालक आला, माफी मागितली, पोराला समज देतो म्हणला. पण रात्रभर माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं की पोरानं बघू नये एवढंच हवंय का मला? उद्या दुसरा पोरगा येईल, परवा मालक बदलेल. मला हवं होतं की बघण्यासारखं तिथं काही साठूच नये. आणि हे शोधायला बसले तेव्हा कळलं की साठवायला तर सरकारनंच सांगितलंय.

आता हे थोडं सविस्तर सांगते कारण मला स्वतःला ह्यातलं काही माहीत नव्हतं आणि आजूबाजूला विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला सरकारकडून लायसन्स लागतं आणि त्या लायसन्सच्या अटींमध्ये रेकॉर्ड ठेवायचं बंधन असतं. आधी ते एक वर्षाचं होतं, डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं ते दोन वर्षांचं केलं. फोन कॉलचे रेकॉर्ड तर आहेतच, पण इंटरनेटचेही आहेत, त्याला ते लोक आयपीडीआर म्हणतात. म्हणजे कुठल्या कनेक्शनवरून कुठल्या पत्त्याला कधी जोडलं गेलं, किती वेळ, असं. तुम्ही साइटवर काय वाचलं, काय टाइप केलं ते त्यात येत नाही, ते आता बहुतेक ठिकाणी कुलूपबंदच जातं, साइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं ते त्यासाठीच. पण रात्री अकराला वकिलाची साइट, साडेअकराला दवाखान्याची, बाराला एसटीचं वेळापत्रक, एवढं कळल्यावर आत काय वाचलं हे कळायची गरज काय उरते? आणि हे रेकॉर्ड गुन्ह्याचा संशय असलेल्यांचे नाहीत हो, सगळ्यांचे. तुमचे, माझे, बारावीच्या पोरांचे, सगळ्यांचे दोन वर्षं.

मग मी म्हणलं व्हीपीएन घेऊ, तर तिथंही तेच. सर्ट-इन म्हणून केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था आहे, तिनं २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएन देणाऱ्यांनी, क्लाउडवाल्यांनी, सर्व्हर भाड्यानं देणाऱ्यांनी ग्राहकाची माहिती ठेवायची, आणि ग्राहक सोडून गेला तरी पुढं ५ वर्षं ठेवायची. पडताळलेलं नाव, पडताळलेला पत्ता आणि फोन, ईमेल, कुठला आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता दिला, किती काळासाठी घेतलं, आणि एक रकाना आहे की कशासाठी घेतलं. मी त्या रकान्यावर बराच वेळ थांबले. आमच्याकडची एखादी बाई तिथं काय लिहिणार? नवरा मारतो म्हणून? हे ५ वर्षं कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहणार, आणि मागणाऱ्यानं मागितलं की जाणार, आणि चोरणाऱ्यानं चोरलं तर सगळीकडंच जाणार. ह्याशिवाय सिस्टिमचे लॉग, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे. नाही पाळलं तर आयटी कायद्यात शिक्षा आहे, तुरुंगवाससुद्धा.

त्यावेळी ह्यावर बराच गदारोळ झालेला. मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले, एक्स्प्रेस व्हीपीएननं २ जून २०२२ ला सगळ्यात आधी सांगितलं, मग सर्फशार्क, नॉर्ड, सप्टेंबरात प्रोटॉन. तेव्हाचे आयटी राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर म्हणाले होते की ज्यांना नियम पाळायचे नाहीत त्यांनी जावं. अंमलबजावणी जूनअखेरीस होणार होती ती २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत पुढं गेली आणि मग लागू झाली. कंपन्यांच्या स्वतःच्या ऑफिससाठी जे व्हीपीएन असतात त्यांना सूट मिळाली, तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसांसाठीच्या सेवेला नाही. मला हे फार लागलं. आयटी कंपनीच्या फायली झाकून ठेवायला परवानगी, आणि बाईनं स्वतःची अडचण झाकायला गेलं की केवायसी.

हां, एक स्पष्ट करते कारण सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात. व्हीपीएन वापरणं आपल्याकडं गुन्हा नाही. बंधन व्हीपीएन देणाऱ्या कंपनीवर आहे, वापरणाऱ्यावर नाही. जम्मू-काश्मीरमध्ये काही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी अधूनमधून बंदीचे आदेश काढलेत, तिकडं जात असाल तर आधी बघून घ्या, पण महाराष्ट्रात बसून तुम्ही बिनधास्त वापरू शकता.

आता वस्तूबद्दल. मुलवाड ही स्वीडनमधल्या गोथेनबर्गची कंपनी आहे, २००९ पासून चालू. स्वीडिश भाषेत हे जमिनीखाली बिळं करत जाणाऱ्या एका छोट्या प्राण्याचं नाव आहे, चिन्हावरपण तोच आहे डोक्यावर हेल्मेट घातलेला. दर महिन्याला ५ युरो, महिन्याचे घ्या की वर्षाचे घ्या की दहा वर्षांचे घ्या भाव तोच, २००९ पासून तोच. दोन वर्षांचं घेतलं तर ८० टक्के सूट, आज रात्री १२ पर्यंतच, असल्या घाई करायला लावणाऱ्या जाहिराती नाहीत. रुपयांत साधारण पाचशेच्या आसपास जातात, वर बँकेचा परकीय चलनाचा चार्ज. स्वस्त नाही. आमच्या केंद्राचा महिन्याचा नेटचा खर्चही जवळपास तेवढाच आहे, म्हणजे खर्च दुप्पट झाला असंच म्हणा ना.

पण खातं उघडलं तेव्हाच मला पटलं. बटण दाबलं की सोळा आकड्यांचा नंबर येतो. बास. नाव विचारत नाही, ईमेल विचारत नाही, फोन विचारत नाही, पासवर्डसुद्धा नाही. तो नंबर म्हणजेच खातं. मी दोनदा मागं जाऊन बघितलं की माझं काही भरायचं राहिलंय का. काही राहिलं नव्हतं. नंबर मात्र कागदावर लिहून ठेवा, हरवला तर माझंच आहे हो असं सांगायला तुमच्याकडं काही नसतं कारण त्यांच्याकडंच काही नसतं. मी आमच्या कपाटातल्या वहीत लिहून ठेवलाय. एका नंबरावर पाच मशीन चालतात, आणि यादीत प्रत्येक मशीनला एखादं विशेषण आणि एखादा प्राणी असं नाव आपोआप पडतं, त्यामुळं तिथंसुद्धा केंद्राचा कॉम्प्युटर असं काही दिसत नाही.

दर महिन्याला आपोआप पैसे कापून घ्यायची सोय त्यांनी २०२२ मध्ये बंद केली, आणि कारण काय दिलं तर आपोआप कापायचं म्हणजे कार्डाच्या व्यवहाराची जास्त माहिती जास्त दिवस ठेवावी लागते. म्हणजे पैसे बुडाले तरी चालतील पण माहिती नको. मी आयुष्यात अशी कंपनी बघितली नव्हती, सगळ्या ॲपना आपलं कार्ड जन्मभरासाठी हवं असतं. त्यामुळं दर वेळी आपण स्वतः भरायचे, मुदत संपली की बंद.

पैसे भरायचं आपल्याकडून जरा किचकट आहे. यूपीआय नाही. कार्ड चालतं पण त्यावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून घ्यावे लागतात, बँकेच्या ॲपमध्ये ते बटण असतं, भरून झालं की परत बंद करा. पेपाल चालतं, क्रिप्टो चालतं आणि त्यावर १० टक्के सूट आहे, पण मला त्यातलं काही कळत नाही म्हणून मी कार्डानंच भरते. युरोपातली माणसं पाकिटात नोटा आणि कंपनीच्या साइटवरून मिळालेला टोकन नंबर लिहिलेला कागद घालून गोथेनबर्गला पोस्टानं पाठवतात आणि कंपनी ते खात्यात जमा करते, खरंच अशी सोय आहे. पण भारतातून असं पाकिटातून चलन पाठवणं कायद्यात बसत नाही, तर ते करू नका. कार्डानं भरलं की बँकेला कळतं तुम्ही व्हीपीएन घेतलं, हे खरं आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. मी व्हीपीएन घेतलंय हे मी इथं उघड लिहितेच आहे. त्यातून काय बघितलं जातं ते माझं नाही, त्या बायकांचं आहे, आणि ते जपायचंय.

आम्ही काही साठवत नाही असं सगळेच म्हणतात. मग विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? मुलवाडच्या बाबतीत एक घडलेली गोष्ट आहे. १८ एप्रिल २०२३ ला स्वीडनचे पोलीस सर्च वॉरंट घेऊन त्यांच्या गोथेनबर्गच्या ऑफिसात गेले, सहा तरी अधिकारी होते, ग्राहकांची माहिती असलेले कॉम्प्युटर जप्त करायला. कंपनीनं त्यांना दाखवून दिलं की बाबा असली माहिती आमच्याकडं नाहीच, आमची यंत्रणाच अशी बांधलीय, आणि नसलेली गोष्ट शोधून जप्त करायला तुमच्या कायद्यातही आधार नाही. पोलीस काही न घेता परत गेले. ही गोष्ट मी आमच्या केंद्रात सगळ्यांना सांगितली. कंपनी पोलिसांशी भांडली नाही, काही लपवलं नाही, दार उघडं ठेवलं. कपाटात काही नव्हतंच. आणि त्याच वर्षी त्यांनी सगळे व्हीपीएन सर्व्हर हार्ड डिस्कशिवाय चालणारे केले, म्हणजे मशीन बंद केलं की आतलं सगळं पुसलं जातं.

भारतात त्यांचा सर्व्हर नाही. पहिल्यांदा मला ही उणीव वाटली, आता वाटतं की हेच बरं आहे. सर्ट-इननं आपल्या प्रश्नोत्तरांमध्ये म्हणलंय की भारतातल्या लोकांना सेवा देणारा कुठं का बसलेला असेना, नियम त्याला लागू. पण ज्याच्याकडं नावच नाही तो ५ वर्षं काय साठवणार? तुम्हाला भारतातलाच आयपी हवा असेल, क्रिकेट बघायला म्हणा, तर हे तुमच्या कामाचं नाही, ह्यातून ते होणार नाही. आम्ही सिंगापूर लावतो, कराडहून सगळ्यात सोयीचं तेच. सगळी वाहतूक समुद्राखालून तिथवर जाऊन परत येते म्हणल्यावर थोडा उशीर लागणारच, कुठलंही व्हीपीएन घ्या. साइट बघणं, मेल, व्हिडिओ कॉल सगळं होतं, आमच्या वकील ताई पुण्याहून व्हिडिओवर बसतात तेव्हासुद्धा चालूच असतं.

अडचणी आपल्याकडच्या सेवांमुळं येतात. कितीतरी सरकारी साइट परदेशी आयपीला दारातच उभं करत नाहीत. काही बँकांचे ॲप व्हीपीएन दिसलं की उघडतच नाहीत. एकदा एका बाईचा अर्ज भरत होतो, शेवटचा दिवस, आणि साइट उघडेना, पंधरा मिनिटं आम्ही नेटवाल्याला दोष देत बसलो आणि मग माझ्या लक्षात आलं. त्यासाठी ॲपमध्ये सोय आहे की अमुक ॲप व्हीपीएनच्या बाहेर ठेव. आम्ही मोबाईलवर बँकेचे ॲप बाहेर ठेवलेत, आणि कॉम्प्युटरवर एक वेगळा ब्राउझर फक्त सरकारी कामासाठी बाहेर ठेवलाय. हे पहिल्याच दिवशी करून घ्या म्हणजे वैतागून कुणी व्हीपीएनच बंद करणार नाही. दुसरं एक सेटिंग चालू करा, लॉकडाऊन मोड म्हणून आहे, त्यानं व्हीपीएन बंद असेल किंवा तुटलं तर नेटच थांबतं, उघड्यावर काही जात नाही. आमच्याकडं लाइट जाऊन येणं रोजचं आहे, त्यामुळं हे फार कामाला येतं. जाहिराती आणि पाठलाग करणाऱ्या साइट अडवायचं बटणपण त्यातच आहे.

आता काय होत नाही ते नीट वाचा, विशेषतः माझ्यासारखं काम करणाऱ्यांनी. व्हीपीएननं तुमचा नेटवाला आंधळा होतो, पण तुम्ही गुगलमध्ये लॉगिन करून शोधलं तर गुगलला कळतंच. मोबाईल कुठल्या टॉवरखाली आहे, कुणाला फोन केला, हे मोबाईल कंपनीकडं असतंच, त्याला व्हीपीएनचा काही संबंध नाही. आणि ज्या बाईचा मोबाईल नवरा रोज रात्री हातात घेऊन तपासतो तिच्या मोबाईलवर व्हीपीएन टाकून देणं म्हणजे तिला अजून एका प्रश्नाचं उत्तर द्यायला लावणं, हे काय घेतलंस, का घेतलंस. आम्ही ते कधीच करत नाही. तिला सांगतो, जे बघायचं ते इथं येऊन बघ, इथलं कुठं जात नाही. आधी हे वाक्य मी सवयीनं म्हणायचे. त्या नेटवाल्या पोरानंतर दोन महिने मी ते म्हणूच शकले नव्हते, घशाशी यायचं आणि थांबायचं.

मुलवाडच्या आधी मी एक फुकटवालं घेऊन बघितलेलं, नाव नको. त्यानं टाकल्या टाकल्या कॉन्टॅक्टची परवानगी मागितली, दर पाच मिनिटाला जाहिरात, कंपनी कुठली, मालक कोण काही कळेना. नेटवाल्याच्या हातातून काढून अजून एका अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं असेल तर काय उपयोग. फुकटच हवं असेल तर प्रोटॉनचं फुकट व्हीपीएन आहे, स्वित्झर्लंडची कंपनी, जाहिराती नाहीत, डेटाची मर्यादा नाही, फक्त खातं काढावं लागतं आणि एका वेळी एकच मशीन. विद्यार्थ्यांना मी तेच सांगते. आणि एक रुपयाही न घालता आजच करण्यासारखी गोष्ट म्हणजे अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं, तिथं dns.quad9.net असं टाका. आपण कुठली साइट उघडतोय हे मोबाईल आधी नेटवाल्याला विचारतो ना, ते विचारणं त्यानं कुलूपबंद होतं. सगळं झाकत नाही, साइटचं नाव दुसऱ्या वाटेनंही दिसू शकतं, पण नेटवाल्याच्या ऑफिसातल्या यादीत सरळ उतरत नाही. राऊटर जमलं तर स्वतःचा घ्या, नाहीतर निदान त्याचा पासवर्ड तरी बदलून मागा.

हे झालं आपल्यापुरतं. पण मला मनापासून वाटतं की पाचशे रुपये भरणाऱ्यालाच खाजगीपण मिळावं हे बरोबर नाही, आणि नियम बदलायला लावणं जमतं हे दुसरीकडं झालेलं आहे. युरोपात २००६ मध्ये असाच कायदा आला, सगळ्यांच्या फोन-इंटरनेटचं रेकॉर्ड सहा महिने ते दोन वर्षं ठेवा. जर्मनीत ३४ हजारांवर माणसं एकत्र येऊन कोर्टात गेली आणि २ मार्च २०१० ला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं त्यांच्याकडचा कायदा रद्द केला. तिथल्या ग्रीन पक्षाच्या माल्टे श्पिट्झनं फोन कंपनीवर दावा लावून स्वतःचंच सहा महिन्यांचं रेकॉर्ड मिळवलं, ३५,८३० नोंदी, आणि ते सगळं नकाशावर मांडून एका वृत्तपत्राच्या साइटवर लोकांपुढं ठेवलं, कधी झोपला, कुठल्या रेल्वेनं गेला, कुठं थांबला, सगळं. लोकांना तेव्हा डोळ्यांनी दिसलं की रेकॉर्ड म्हणजे काय. पुढं ८ एप्रिल २०१४ ला युरोपच्या न्यायालयानं तो अख्खा कायदाच मोडीत काढला. तेव्हा स्वीडनमधल्या बानहोफ नावाच्या इंटरनेट कंपनीनं साठवलेलं सगळं पुसून टाकलं, आणि सरकारनं परत साठवा म्हणून दबाव आणला तर त्यांनी आपल्या ग्राहकांना व्हीपीएनच फुकट देऊ केलं. नेट देणाराच म्हणतोय की मला तुमचं काही बघायचं नाही. मी हे वाचलं तेव्हा आमचा मालक डोळ्यापुढं आला, त्याला उद्या कुणी असं सांगितलं तर त्यालाही पटेल असं मला वाटतं, माणूस वाईट नाही.

आणि लांब कशाला, आपल्या पुण्यातली एसएनटी होस्टिंग्ज म्हणून छोटी कंपनी आहे, सर्व्हर आणि व्हीपीएन देणारी. मोठमोठ्या परदेशी कंपन्या सर्व्हर उचलून गेल्या, ह्यांना जायला जागा कुठं, तर हे सप्टेंबर २०२२ मध्ये सर्ट-इनच्या आदेशाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन ह्या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या वकिलांच्या मदतीनं. मला ह्याचं फार अप्रूप वाटतं. सरकारशी भांडायची ताकद ज्यांच्याकडं सगळ्यात कमी तेच उभे राहिले. आधार आहेच हो, २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलंय की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानंही ऑक्टोबर २०१९ मध्ये एका प्रकरणात फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली. तिथं निदान एका माणसाविरुद्ध, लेखी, सही केलेला आदेश तरी होता. इथं कुणाच्या नावाचा आदेशच नाही, सगळ्यांचंच साठतंय.

मागं २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या साइटना सारखी वागणूक मिळावी ह्या मागणीच्या वेळी १० लाखांवर लोकांनी ट्राय ह्या दूरसंचार नियामक संस्थेला ईमेल पाठवलेले आठवतंय का, आणि पुढं फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं काही साइट स्वस्त, काही महाग असला भेदभाव बंद केला. तेव्हा साध्या माणसांनी ईमेल टाकलेले, नुसत्या वकिलांनी नाही. ह्या विषयावर तसं अजून झालेलं नाही, उलट गोष्टी घट्टच होतायत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकारातून वगळलं, म्हणजे आपलं रेकॉर्ड त्यांनी मागवायचं पण त्यांच्याबद्दल आपण काही मागायचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षणाचे नियम आले, त्यातसुद्धा किमान एक वर्ष लॉग ठेवा असं घालून ठेवलंय. संरक्षणाच्याच कायद्यात. मी आमच्या खासदारांना एक पानाचं पत्र लिहिलंय, मराठीत, त्यात तो कशासाठी घेतलं हा रकाना तसाच उतरवून विचारलंय की आमच्या केंद्रातल्या बाईनं इथं काय लिहावं ते तुम्ही सांगा. कुणाला हवं असेल तर मजकूर देते, आपापल्या खासदाराला पाठवा, नाव-गाव बदलून.

तर घ्यावं का? वकील, पत्रकार, माहिती अधिकारात काम करणारे, आमच्यासारखी केंद्रं, दवाखाने, ज्यांच्याकडं दुसऱ्याची गुपितं असतात त्यांनी घ्याच, पाचशे रुपये वाया जात नाहीत. घरी नुसतं यूट्यूब बघणाऱ्यांना मी आग्रह करणार नाही, प्रायव्हेट डीएनएस तेवढं लावा. पिक्चर आणि मॅच बघायला घेत असाल तर दुसरं काहीतरी बघा. मी पाचपैकी साडेचार देते, अर्धा यूपीआय नाही म्हणून कापला, कारण गावाकडच्या संस्थेतल्या ताईंना इंटरनॅशनल कार्ड कुठनं आणायचं हा खरा प्रश्न आहे आणि त्यांनाच ह्याची सगळ्यात जास्त गरज आहे.

आमच्या पाच जागा आता भरल्यात. केंद्राचे दोन कॉम्प्युटर, माझा मोबाईल, वकील ताईंचा लॅपटॉप, आणि पाचवी जागा तिथंच बसून बघायला म्हणून आम्ही एक जुना टॅब ठेवलाय त्याला दिलीय. त्या टॅबवर कुणाचंही लॉगिन नाही. परवा पाटणकडून एक मुलगी आली होती, आल्या आल्या म्हणली, इथलं वायफाय कुणाचं आहे ताई? मी तिला समोर बसवून सगळं दाखवलं, सोळा आकड्यांसकट, आणि मग तिनं टॅब हातात घेतला.